चिमण्यांना ऐकू जाईल असं वाच

दुसरीच्या मुलाला दात नसतात. म्हणजे असतात, पण ऐन वाचायच्या वयात पुढचे नेमके पडलेले असतात. आणि त्याच वर्षी वरून फर्मान येतं की मुलाने स्पष्ट उच्चारात, ओघवतं वाचलं पाहिजे. 'सशाने शेपूट हलवलं' हे वाक्य समोरच्या दोन खिडक्या उघड्या असलेल्या पोराकडून एकदा ऐकून बघा आणि मग माझ्याशी बोला. त्यात दात जर वर्गातच पडला तर गणिताचा तास गेला म्हणून समजा. तो आधी सगळ्यांनी बघायचा असतो, मग कौलांवर कोण टाकणार यावरून भांडण, आणि शेवटी ज्याचा दात त्यालाच तो सापडत नाही म्हणून रडारड.

मी माझी सगळी नोकरी पहिली-दुसरीवर काढली. मोठे वर्ग चालून आले, मी घेतले नाहीत. चौथीच्या मुलांना वाटतं त्यांना सगळं येतं, आणि तसल्यांशी माझं घरी-बाहेर कुठेच पटत नाही. मी डहाणूजवळच्या नरपडची. घराला समुद्राचा वारा आणि मागे चिकूची वाडी. शाळा मात्र पार डोंगराकडे, कासा सोडून आत एका पाड्यावर. सकाळी डहाणूहून एसटीने कासा, तिथून पाड्याची जीप. ही जीप भरल्याशिवाय सुटत नाही, आणि कासाच्या नाक्यावर भरली याचा अर्थ ड्रायव्हरला गिअर बदलताना शेजारच्याला 'जरा पाय' म्हणावं लागतं इतकी भरली. शाळेला दोन खोल्या. पहिली-दुसरी एका खोलीत माझ्याकडे, तिसरी-चौथी दुसऱ्या खोलीत महालेसरांकडे. महालेसर खानदेशातले, शिस्तीचे माणूस. पाड्यावर सगळे त्यांना अरे-तुरे करतात याचा त्यांना पहिल्या वर्षी फार त्रास झाला. तिथल्या बोलीत अहो-जाहो नाहीच मुळी. मलाही अख्खा पाडा 'बाय, तू कधी आलीस' असंच विचारायचा, आणि खरं सांगते, मला ते आवडायचं.

बाहेरच्या लोकांना वाटतं दुसरीला शिकवण्यासारखं काय असतं. असतं हो. पहिलीतलं मूल अक्षर ओळखतं, चित्र ओळखावं तसं. दुसरीत कधीतरी त्याला कळतं की कागदावरची ही ओळ म्हणजे कुणीतरी काहीतरी बोललंय, आणि ते आपल्याला ऐकू येतंय. हे कळलं की मूल सुटलं. नाही कळलं तर पुढे दहावीपर्यंत ते ओळी नुसत्या उतरवत बसतं. आमच्याकडे हे कळायचा हंगाम म्हणजे गणपती ते दिवाळी. पावसात नाले भरलेले असतात, मुलं धड येत नाहीत. दिवाळीनंतर निम्मा पाडा वीटभट्ट्यांवर जातो आणि मुलंही जातात. मधे जे काय हाती लागतात ते हे आश्विनाचे दिवस, आणि बरोब्बर त्याच वेळी भाताचा दाणा भरतो. मग पोरं राखणीला शेतात, आणि बाई वर्गात फळ्याशी बोलतेय.

तर त्या वर्षी माझ्या दुसरीत रंजना होती. रंजना बोलत नसे. पहिलीतही माझ्याकडेच होती, तेव्हाही बोलली नाही. हाक मारली की उभी राहायची, पायाच्या अंगठ्याकडे बघायची, बस म्हटलं की बसायची. अक्षर मोत्यासारखं. पण ती वाचतेय की नुसती नक्षी काढतेय हे मला कळायला मार्ग नव्हता. कान तपासून घेतले, जीभ तपासून घेतली. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, सगळं ठीक आहे. मी गाणी म्हटली, बाहुल्या नाचवल्या, वाडीतले चिकू नेले. एकदा तर मी तिच्यापुढे चक्क रुसून बसले. मुलांना वाटलं बाईचं डोकं दुखतंय, त्यांनी मला तांब्याभर पाणी आणून दिलं. रंजनाच्या तोंडाला कुलूप ते कुलूपच.

ते कुलूप एका काकडीने उघडलं.

दुसरीला लांबी मोजायला शिकवतात, पण पट्टी न घेता. वीत, हात, पाऊल. मी मुलांना सांगितलं होतं की घरून लांब वस्तू आणा. कोणी दोर आणला, कोणी कोयत्याचा दांडा, कोणी आपल्या धाकट्या बहिणीलाच आणलं आणि तिला जमिनीवर आडवी झोपवून मोजायला लावलं. एका पोराने शेताच्या बांधावरची काकडी आणली. आमच्याकडची पावसाळी काकडी म्हणजे हातभर, पिवळसर, कुशीत घ्यावी लागते अशी. सगळ्यांनी विती लावल्या, प्रत्येकाचं उत्तर वेगळं आलं, भांडणं झाली, मग माझी वीत मोठी का तुमची, असं करत धडा छान रंगला. मला भलताच उत्साह आला. मधल्या सुट्टीत मी खिचडी शिजवणाऱ्या मावशींकडून सुरी आणि तिखट-मीठ आणलं, काकडी कापली आणि प्रत्येकाच्या हातावर एक फोड ठेवली.

कोणी खाईना. फोडी हातात धरून सगळे माझ्याकडे बघतायत. मला वाटलं, केवढी शिस्तीची माझी मुलं, बाईने आधी खावं म्हणून थांबलीत. मी कौतुकाने माझी फोड तोंडाजवळ नेली. तेवढ्यात मागच्या भिंतीकडून एक खणखणीत आवाज आला. त्यांची बोली मला लिहिता येत नाही, जमेल तशी आपल्या मराठीत देते.

"बाय, नको खाऊ. अजून देवाला नाय दाखवली."

अख्खा वर्ग मान वळवून मागे बघायला लागला. रंजना उभी होती. माझा हात तिथेच राहिला.

गोष्ट अशी की त्या पाड्यावर शेतातलं नवं पीक, भात असो की काकडी, दिवाळीच्या तोंडावर येणाऱ्या वाघबारसेला देवापुढे ठेवल्याशिवाय जुनी घरं तोंडात घालत नाहीत. इतकी वर्षं तिथे नोकरी करून मला याचा पत्ता नव्हता. आम्ही किनाऱ्यावरची माणसं, काकडी दिसली की मीठ शोधतो. मुलांना सगळं माहीत होतं, पण बाईला कसं सांगायचं म्हणून बिचारी फोडी धरून उभी. सांगायला पुढे आली कोण, तर जी दीड वर्ष तोंड उघडत नव्हती ती.

आता कापलेल्या काकडीचं करायचं काय? खायची नाही, टाकायची नाही. रंजनाने पुन्हा एक वाक्य टाकलं, आजीला विचारू. शाळा सुटल्यावर मी सगळ्या फोडी पातेल्यात घालून तिच्या घरी गेले. रंजनाची आजी अंगणात करांद्याचे कंद सोलत बसली होती. सगळं ऐकून ती इतकी हसली की तिला ठसका लागला. मग म्हणाली, शेळीला घाल. शेळीला चालतं आणि बायला चालतं, त्यांना देव विचारत नाही. मग मी आणि शेळी, दोघींनी मिळून ती काकडी संपवली. गोड होती.

तिथेच मला कळलं की ही मुलगी घरी बडबड करून आजीचं डोकं उठवते. कोंबडीशी बोलते, भाताशी बोलते, झोपेत बोलते. आणि तिथेच दुसरंही कळलं. संध्याकाळी तिचा बाप लक्ष्मण कामावरून आला. चिकूच्या वाड्यांमधून रोजंदारी करणारा, शांत, सरळ माणूस. त्याने मला बसायला खाट दिली आणि मग हळूच सांगितलं की दिवाळीनंतर आम्ही भिवंडीकडे भट्टीवर जाणार, रंजनाला नेणार. तिचा धाकटा भाऊ दिनेश नुकता चालायला लागला होता, त्याला सांभाळायला कोणी हवं.

मी माझं ठेवणीतलं भाषण सुरू केलं. शिक्षण, भविष्य, वगैरे. त्याने ते पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बाय, दुसरं वर्ष चाललंय. तुझ्याकडे ती एक अक्षर बोलली नाय. मग ती शिकते हे मी कशावरून म्हणू?"

कपाळावर हात मारून घ्यावा असं झालं. एवढंच म्हटलं, दिवाळीपर्यंत मला वेळ दे. ती तुला वाचून दाखवेल. मग आजीकडे ठेव आणि शाळेत पाठव. तो विचार करून म्हणाला, "वाचलं तर ठेवीन." आजी म्हणाली, मी आहे बघायला. त्या माणसाने शब्द दिला म्हणजे दिला, हे मला माहीत होतं. माझ्याच शब्दाचं काय होणार याची मला धास्ती होती.

दुसऱ्या दिवशी रंजना वर्गात, आणि तोंडाला पुन्हा कुलूप. मी पुस्तक पुढे केलं, अंगठा. फळ्यावर शब्द लिहिला, अंगठा. मला तर रडूच आलं. आणि दोन दिवसांनी ती यायचीच बंद झाली. शेतात माळ्यावर बसवली होती तिला, पाखरं हाकायला. तिच्याबरोबर निम्मा वर्गही गेला. उरलेल्या पोरांना घेऊन मी वर्गात बसले होते, आणि खिडकीतून शेतांवरून आरोळ्या ऐकू येत होत्या. त्यातली सगळ्यात खडी आरोळी कुणाची, हे मी मुलांना विचारलं. मुलं म्हणाली, रंजनाची.

मी महालेसरांना म्हटलं, मी वर्ग घेऊन शेतात चालले. ते म्हणाले, नियमात बसतं का? मी म्हटलं, वर्गात तरी कुठे कोण बसलंय?

माळा म्हणजे चार बांबूंवरचा उंच माच. वर गवताचं छप्पर, खाली भात लोंब्यांनी वाकलेलं. रंजना वर उभी राहून होऽऽ करायची आणि चिमण्यांचा थवा उठून शेजारच्या शेतात जायचा. तिथलं पोर होऽऽ करायचं की थवा परत हिच्याकडे. दिवसभर हाच धंदा. मी पण एक आरोळी देऊन पाहिली. एक चिमणी हलली नाही. वरून हसू फुटलं, आणि रंजनाने मला सांगितलं की आवाज गळ्यातून नाही, पोटातून काढायचा. मी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा चूक. तिने पुन्हा समजावलं. तिथे उभ्या उभ्या माझ्या डोक्यात प्रकाश पडला की या मुलीला 'तुला येतं का' असं विचारायचंच नाही. समोरच्याचं काहीतरी चुकतंय, हे दिसलं की तिला गप्प राहवत नाही.

मी घरून जुन्या कॅलेंडरची मोठी पानं नेली. मागची कोरी बाजू, जाड खडू. बांधावर उभी राहून मी रंजनाला म्हटलं, नुसतं हो हो करून या चिमण्यांना सवय झालीय. त्यांना काहीतरी नवीन सांगायला हवं. काय सांगू? ती वरून म्हणाली, सांग की इथे नका येऊ, तिकडे महादूच्या शेतात जा. महादू म्हणजे तिचाच वर्गमित्र, शेजारच्या माळ्यावर बसलेला. मी कॅलेंडरवर लिहिलं: 'चिमण्यांनो, महादूच्या शेतात जा.' पण लिहिताना मुद्दाम 'महादू'चा 'म' खाल्ला. पान वर धरलं.

ती ओरडली, "बाय, तू म विसरलीस."

मी म लिहिला. मग म्हटलं, आता चिमण्यांना ऐकू जाईल असं वाच. आणि तिने वाचलं. पोटातून. चिमण्या उठल्या की नाही ते मला आठवत नाही, मी तेव्हा पदराने डोळे पुसत होते.

महादू काय ऐकून घेतो? त्यानेही मला बोलावलं, बाय, माझं पण लिही. मग त्याच्याकडून उत्तर आलं: 'चिमण्यांनो, रंजनाच्या भाताच्या दाण्यात दूध आहे, तिकडे जा.' मग रंजना, मग पलीकडच्या बांधावरची जुळी. आठवड्याभरात त्या खोऱ्यात असं भांडण पेटलं की माझी पळापळ होऊन पायाचे तुकडे पडले. एका बांधावरून दुसऱ्या बांधावर कॅलेंडर घेऊन मी नाचतेय आणि पोरं माळ्यावरून कडाडून वाचतायत. मधूनच मी एखादं अक्षर खायचे, की रंजना वरून माझी खरडपट्टी काढायची. पुढे पुढे तर ती स्वतः वाक्यं लिहून द्यायला लागली, ती छापण्यासारखी नाहीत. पहिलीच्या पोरांना मी पाढे दिले. शेतकरी पण हुशार. एक म्हातारा येऊन सांगून गेला की बेचा पाढा पोपटांना चांगला लागू पडतो, उद्या माझ्याकडे भरव तुझी शाळा.

अशात एके दिवशी केंद्रप्रमुख साहेब न सांगता आले. वर्गात कोणी नाही, महालेसर घामाघूम. साहेब आवाजाच्या रोखाने बांधावरून चालत आले, बूट चिखलाने भरलेले. मला वाटलं, आता नोटीस. त्यांनी विचारलं, हे काय चाललंय? मी म्हटलं, प्रकट वाचन. साहेब थोडा वेळ ऐकत राहिले. मग त्यांच्या डोक्यावरून थवा भातात उतरला, आणि कुणाला काही कळायच्या आत साहेबांनी स्वतः हातातली फाइल हवेत फिरवून अशी आरोळी ठोकली की मुलं टाळ्या वाजवायला लागली. माणूस शेतकऱ्याच्या घरचाच होता. जाताना एवढंच म्हणाले की दिवाळीनंतर वर्गात बसवा, माझी पंचाईत करू नका.

भात कापलं गेलं, माळे उतरले. रंजना वर्गात आली. आणि पुन्हा चारचौघांत अंगठ्याकडे बघायला लागली. माझ्याशी हळू आवाजात वाचायची, बाकी कोणी ऐकतंय म्हटलं की बंद. लक्ष्मणने तिचं शेतातलं वाचन ऐकलंच नव्हतं, तो अंधार पडल्यावर घरी यायचा. लोकांनी त्याला सांगितलं, पण त्याचं म्हणणं, ते पाठ केलेलं असेल, पोपट पण बोलतो. चुकीचं तरी काय होतं त्यात?

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात मी सकाळी कासाच्या नाक्यावर पाड्याच्या जीपसाठी उभी होते. शाळेत कंदील करायचे म्हणून हातात रंगीत कागदांच्या गुंडाळ्या. बाजाराला ही गर्दी. तिथे लक्ष्मण भेटला, रंजनाला घेऊन आला होता. भट्टीवर न्यायच्या सामानाची खरेदी झालेली दिसत होती. त्याने मला बघितलं आणि म्हणाला, आली आहेस तर आताच बघू. त्याला स्वतःला वाचता येत नव्हतं, पण बाजारातलं दुकान न् दुकान ओळखीचं. त्याने समोरच्या पाटीकडे बोट केलं आणि रंजनाला म्हणाला, वाच.

रंजनाने मान खाली घातली. मी वाकून तिला हळूच म्हटलं, चिमण्या आहेत असं समज. काही नाही. दुसरी पाटी, तिसरी पाटी. आजूबाजूचे चार लोक थांबून बघायला लागले, मग तर ती बापाच्या मागेच गेली. लक्ष्मण रागावला नाही. रागावला असता तर मी भांडले तरी असते. तो म्हणाला, "राहू दे बाय. तू खूप केलंस."

तेवढ्यात आमची जीप लागली. रोजचीच, निळी, रोजचाच ड्रायव्हर. गर्दी तुटून पडली. लक्ष्मणने पिशव्या आत टाकल्या, मला जागा धरली, मी कागदांच्या गुंडाळ्यांसकट आत घुसले. माझं कशातच लक्ष नव्हतं. लक्ष्मण खिडकीतून हाका मारतोय, चल, चढ लवकर. रंजना खालीच उभी. जीपच्या पुढच्या काचेकडे बघतेय. ड्रायव्हरने हॉर्न दिला. बाप ओरडला. आणि मग तो आवाज आला, पोटातून, अख्ख्या नाक्याला ऐकू जाईल असा.

"बाबा, ही आपली नाय. उतर. विवळवेढे लिहिलंय, महालक्ष्मी मंदिर. बाय, तू पण उतर."

सणाच्या दिवसांत त्या ड्रायव्हरने देवळाच्या फेऱ्या धरल्या होत्या. काचेवर पुठ्ठा लावला होता, खडूने लिहिलेला. लक्ष्मण गाडीचा रंग बघून चढला होता. आणि मी, आयुष्यभर दुसरीला वाचायला शिकवलेली बाई, ड्रायव्हरचं तोंड बघून चढले होते. आम्ही दोघं पिशव्या, गुंडाळ्या सावरत खाली उतरलो. जीप गेली देवाला.

लक्ष्मणने नाक्यावरच्या दुसऱ्या एका गाडीकडे बोट केलं. "आणि ती?" रंजनाने वाचलं, चारोटी. "ती?" तलासरी. मग त्याला विचारावंच लागलं नाही. ती स्वतःच सुरू झाली. किराणा, औषधं, पंक्चर काढून मिळेल, येथे थुंकू नये. पाड्याची जीप येईपर्यंत तिने नाका वाचून काढला. लक्ष्मण तिच्याकडे बघत होता, मी दुसरीकडे बघत होते, कारण दोघांनी एकदम रडणं बरं दिसत नाही. जीपमध्ये तो माझ्या शेजारी बसला आणि म्हणाला, "ठेवतो हिला. दिनेशला पण ठेवतो, आजी बघेल."

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली त्या दिवशी मी धाकधूक करतच पाड्यावर उतरले. शब्द दिला तरी माणूस अडचणीत असतो, ऐन वेळी काय होईल सांगता येत नाही. वर्गात बरीच मुलं नव्हती, दर वर्षीसारखीच. महादू गेला होता, जुळी गेली होती. ते दर वर्षी दुखायचं आणि अजून दुखतं. पण शाळेच्या पायरीवर रंजना बसलेली, एका मांडीवर दिनेश, दुसऱ्या मांडीवर हातभर काकडी. आजी दिनेशला सांभाळणार होती ना? तर आजीने एका दिवसात हात टेकले होते. रंजनाने काकडी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, आता खा, देवाला दाखवली.

मी आत येऊन काकडी कापली, सगळ्यांना वाटली. सगळ्यांनी खाल्ली. आणि खाता खाता रंजनाने बोलायला जी सुरुवात केली ती थांबेचना. वाघबारसेला काय झालं, आजी काय म्हणाली, शेळीला पिल्लं झाली, दिनेशने काय गिळलं, बाय तू फळ्यावर तारीख चुकवलीस, बाय तुझा पदर खडूत भरलाय. मी पहिलीला अक्षरं देतेय तर ती तिथून सुधारतेय, पलीकडून महालेसर डोकावून गेले. शेवटी माझं डोकं फिरलं. मी खडू टेबलावर आपटला आणि म्हणाले, "रंजना, आता गप्प बस."

म्हटलं आणि मीच जागच्या जागी थांबले. मुलांनी एकमेकांकडे बघितलं. मग कुणीतरी खिक केलं आणि वर्ग फुटला. हसून हसून पहिलीची पोरं जमिनीवर लोळली, दिनेशला काही कळलं नाही, तोही टाळ्या पिटायला लागला.

ती काही गप्प बसली नाही. मीही तिला पुन्हा तसं म्हटलं नाही.